एल्पिदियोच्या टाचा

एल्पिदियोच्या टाचांवर माझा फार जीव होता. हसू नका. कमरेखालची जाणीव गेलेला माणूस वॉर्डात आला की आम्ही नर्सेस आधी त्याच्या टाचा आणि माकडहाड बघतो. दुखत नाही म्हणून तो एकाच अंगावर पडून राहतो आणि कातडी सडायला लागते. एल्पिदियोला आम्ही सारखं कुशीवर वळवलं, पोटऱ्यांखाली उशा देऊन टाचा अधांतरी ठेवल्या. इतक्या दिवसांत साधा लाल डागही पडू दिला नव्हता.

तो पाणबुड्या. नळीतून हवा ओढत खोल पाण्यात मासे मारायचा. एकदा घाईघाईनं वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि होडीतच त्याचे पाय लुळे पडले. आमच्या किनाऱ्यावर म्हणतात, समुद्राचा गारठा अंगात शिरला. भावांनी आधी त्याला तापल्या वाळूत पुरून ठेवलं, मग आणलं आमच्याकडे. उशीर व्हायचा तो झालाच होता.

बायको एर्लिंदा त्याच्या खाटेखाली चटई टाकून राहायची. गारठा काढायचं खूळ काही तिच्या डोक्यातून जाईना. रमच्या बाटलीत गरम पाणी भरून आणताना मी तिला पकडलं.

“काय गं, नवऱ्याला भाजून खायचाय का?”

“मॅम, नुसती ऊब द्यायची होती...”

“ज्या पायाला कळत नाही त्याला गरम लावायचं नाही. जळला तरी तो ओरडणार नाही. शिरलं डोक्यात?”

तिनं मान हलवली. एल्पिदियो खाटेवरून म्हणाला, “मॅम, हिला मी मासाच वाटतो. मीठ तेवढं लावायचं राहिलंय.”

मग शहरातल्या केंद्रात त्याला जागा मिळाली. तिथं हातांच्या जोरावर खाटेवरून खुर्चीत जायला शिकवतात, बसून करायची कामं शिकवतात. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. अट एकच होती, अंगावर जखम नको. शुक्रवारची बोट होती.

गुरुवारी सकाळी अंग पुसायला मी चादर बाजूला केली. दोन्ही टाचांवर हे एवढाले फोड. एक फुटलेला, आत पांढरंफटक मांस.

“कुणी केलं हे?” मी अशी ओरडले की अख्खा वॉर्ड उठून बसला.

“पण मॅम, त्याला कळत होतं!” एर्लिंदाचा चेहरा पांढरा पडला होता. “काल कोमट बाटली लावून पाहिली. विचारलं, ऊब लागते का? हो म्हणाला. आणखी गरम करू? हो म्हणाला. तुम्हीच म्हणालात ना, कळत नसेल तर लावू नको म्हणून? मॅम, त्याचे डोळे भरून आले होते हो!”

मी एल्पिदियोकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. माझ्या लक्षात आलं. पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

बोट गेली. जागा दुसऱ्या कुणाला दिली. जखमा भरायला किती महिने लागतील आणि पुन्हा नंबर कधी लागेल, देव जाणे. एर्लिंदा जेवेना, रडेना, नुसती स्वतःच्या हातांकडे बघत बसायची. “मीच जाळलं त्याला, या हातांनी.” तिच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी पट्टी बदलत होते, तेव्हा तो एकदम म्हणाला, “लिंदा, तू नाही. मी खोटं बोललो.”

“म्हणजे?”

“मला काही लागलंच नाही. ना कोमट, ना गरम. तू इतकी आशेनं बघत होतीस... मला नाही म्हणवेना गं.”

आता ती त्याला फाडून खाणार असं मला वाटलं. मी असते तर खाल्लंच असतं. तिनं हळूच विचारलं, “आणि मी तळव्याला गुदगुल्या केल्या, तेव्हा हसलास तो?”

“तुझं तोंड बघून हसलो.”

तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. तो तिनं उचलला, त्याच्या खांद्यावर ठेवला.

“हे कळतंय?”

“हो.”

“खरं सांग.”

“खरंच गं.”

तिचा विश्वास बसेना. तिनं तिथं असा करकचून चिमटा काढला की तो “आई गं!” म्हणून कळवळला, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.