न झटकलेली चादर

मी एक जुनी दोरी आहे, कपडे वाळत घालायची. मित्रांनो, नाक मुरडू नका! तुमचे सदरे काही हवेत तरंगून वाळत नाहीत.

सुताला पीळ देऊन मला वळलं आणि पिटुकली नावाच्या छोट्या मुलीच्या बाबांनी मला दुकानातून घरी आणलं. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात ते काम करतात. अंगणातल्या दोन खांबांना त्यांनी मला बांधलं, तेव्हा मी अशी ताठ झाले की विचारू नका! ओल्या जड चादरी पेलताना मी कधी कुरकुरले नाही. "दोरी मोठी गुणाची हो," असं आई शेजारच्या काकूंना सांगायची आणि मी फुशारून जायचे.

वीजकेंद्राचं धुराडं आमच्या गल्लीच्या डोक्यावरच होतं. त्यातली बारीक राख दिवसभर कपड्यांवर उतरायची. म्हणून संध्याकाळी कपडे काढताना घरोघरी ते झटकायची रीत पडली होती. गल्लीभर नुसता फटफटाट! पिटुकलीला तो खेळच वाटे. ती मुद्दाम चादरीखाली उभी राहून ओरडायची, "आई, ढग कर ना!" आई हसून आणखी जोरात झटकायची. झटकलेली राख जाते कुठे, हा विचार कोणाच्या मनाला शिवलाच नाही. माझ्याही नाही.

मग पिटुकलीला खोकला लागला. धावली की धाप, हसली की धाप. एकदा दवाखान्यातून आल्यावर आई मला धरून अंगणातच उभी राहिली. काकू धावत आल्या.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राख थेट छातीत जाते," आई रडत म्हणाली. "मीच गं झटकत होते लेकीच्या तोंडावर."

"अगं, राख काय तू केलीस? ती तर वरून येते," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईने पांढरी चादर धुऊन माझ्यावर घातली. संध्याकाळी ती करडी झाली, पण आईने झटकली नाही. अलगद घडी घातली. मग खांबावरच्या माझ्या गाठी सोडू लागली.

"वीजकेंद्राच्या फाटकावर लावते. दिसू दे साहेबांना."

पायरीवर बसलेल्या बाबांनी एकदा धुराड्याकडे पाहिलं. नोकरी तिथलीच ना! मग उठून म्हणाले, "चल. गाठ मीच मारतो. तुझी सैल पडते."

त्यांनी मला फाटकावर बांधलं आणि आईने ती चादर माझ्यावर टांगली. साहेबांनी चादरीवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट पाहिलं आणि "बघतो" म्हणाले. तेव्हापासून रोज गल्लीतल्या एका घरची न झटकलेली चादर माझ्यावर लागते. मला अंगणाची फार आठवण येते, पण मी इथून हलणार नाही.

मित्रांनो, रिकाम्या खोलीतला दिवा आठवणीने बंद करा. आणि तुमच्या दिव्याची राख कोणाच्या अंगणात पडते, हे मोठ्यांना जरूर विचारा.

काल पिटुकली बाबांच्या कडेवर बसून फाटकाशी आली होती. मला हात लावून तिने विचारलं, "आपली दोरी घरी कधी येणार?"

बाबा म्हणाले, "तू न थांबता तिच्यापर्यंत पळत येशील ना, तेव्हा."