आमचे आठ, त्यांचे आठ

सकाळचे बरोब्बर आठ वाजले होते, तेव्हा हे झालं. आमच्या बेटावर त्याला दोन म्हणतात. आमचं घड्याळ उजाडल्यापासून चालतं. उजाडून दोन तास झाले की दोन.

मी एक शिडाची होडी. आंब्याच्या लाकडाची. नाव सुबिरा, म्हणजे धीर. नाकाडावर दोन डोळे रंगवलेत, त्यामुळे पाहिलं नाही असं मला म्हणता येत नाही.

आधी मी खारफुटीचं लाकूड नि मासळी वाहायची. मग पाहुणे यायला लागले, नैरोबीचे, परदेशचे. माझ्या मालकाने, अथमानने, माझ्यात गाद्या घातल्या. सूर्य बुडताना फिरवून आणायचं, नारळाच्या दुधातला भात वाढायचा. पाहुणे पाय पसरून म्हणायचे, "काय नशीबवान तुम्ही! गाडी नाही, धूर नाही, घाई नाही. इथेच राहावं!"

डॉक्टर पण नाही, हे कोणी बोलायचं नाही. तो समुद्रापलीकडे.

खरंच राहिला तो एकटा गोरा हेंड्रिक. त्याच्याकडे मोटारबोट होती. माणूस वाईट नाही, आणि तेच जास्त लागतं.

अथमानची मुनीरा तेव्हा नुकतीच बोबडं बोलायला लागलेली. एका दिवसात तापली, मान ताठ झाली. तिची आई झुहुरा रडकुंडीला आली. वारा समोरचा, शिडाने जायचं तर दिवस जाणार. हेंड्रिकला आमची भाषा बोलायची भारी हौस. आमच्याच भाषेत म्हणाला, "उद्या आठला माझी बोट निघतेय. घेऊन ये पोरीला."

आमचे आठ म्हणजे दुपारचे दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी वाळूत कलंडलेली, आणि माझ्या सावलीत झुहुरा पोरीला पेज पाजत होती. घोटही जात नव्हता. समोरून मोटारबोट सुटली.

शेजारची मैमुनाआजी म्हणाली, "अगं, तुझा गोरा निघाला बघ!"

"छे गं आजी, आमचं आठला आहे. हा हिंडायला चालला असेल. यांना दुसरं काम काय!"

असं म्हणून तिने हात केला. त्यानेही केला. त्याला वाटलं, पोर बरी झाली, म्हणून थांबली.

दुपारी ती पोरीला खांद्यावर टाकून धक्क्यावर गेली. बोट परत येत होती.

"आठला ये म्हणालो होतो ना?"

"मग आठच वाजलेत की!"

हेंड्रिक मनगटाकडे बघतच राहिला. मग तसाच फिरला, घेऊन गेला. पण पलीकडे डॉक्टर एवढंच म्हणाला, "सकाळी का नाही आणलीत?"

जीव वाचला. कान गेले.

आता मुनीरा माझ्या फळीवर बसून असते. पाहुणे तिचे फोटो काढतात. "किती शांत मूल! बेटाची हवाच तशी!" झुहुरा भात वाढता वाढता हसून हो म्हणते. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मग पाठ फिरवून ताटं विसळत बसते, आधीच विसळलेली.

माझं काय, लाकूड आहे, कुजेन एक दिवस. पण तुमच्या ओळखीचं कोणी इकडे यायला निघालं, तर एवढं त्यांच्या कानावर घाला. त्या पोरीला पाठीमागून हाका मारू नका. समोर या, खाली बसा, सावकाश बोला. ती ओठांकडे बघतेय.