पुढच्याचा हात

व्याही-व्याही जोडीनं सायकल हाणत फिरतात, असं तुम्ही कुठं ऐकलंय का? व्याह्यांनी कसं, दिवाळीला मिठाईचा डबा पाठवावा, बारशाला शेजारी बसून गोड बोलावं आणि घरी परतताना एकमेकांची उणीदुणी काढावीत. पण कुकटपल्लीचे हिम्मतराव आणि अफझलगंजचे दिगंबर वकील गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी गंडीपेट तलावावर भेटायचे आणि तिथून मूसी नदीच्या खोऱ्यानं, शंकरपल्लीच्याही पुढं, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांपर्यंत जायचे. वकिलांचा योगेश आणि हिम्मतरावांची दीपाली एका ऑफिसात होते, लग्न त्यांनीच ठरवलं, आणि अप्पांच्या, म्हणजे वकिलांच्या, शुगरवर नि दादांच्या, म्हणजे हिम्मतरावांच्या, बीपीवर उपाय म्हणून सायकलीही त्यांनीच आणून दिल्या. लग्नात ज्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, ते सायकलवर बसले आणि सुटले.

हिम्मतराव उदगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. कुकटपल्लीच्या एका पंपाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर उभं राहून पायांचे खांब झालेले. ते पुढं. वकिलांच्या घराण्यात तीन पिढ्या खुर्चीत बसून गेलेल्या. ते मागं. पुढच्यानं वारं अंगावर घ्यायचं आणि मागच्यानं त्याच्या आडोशाला, चाकाला चाक लावून चालायचं, हा सायकलवाल्यांचा रिवाज. त्यात मागच्याचा दम वाचतो, पण त्याला रस्ता दिसत नाही, दिसते फक्त पुढच्याची पाठ. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं हँडलवरचा हात काढून त्या बाजूला खाली दाखवायचा आणि मागच्यानं 'दिसला!' म्हणून सांगायचं. वकील तर असे खणखणीत ओरडायचे, जसा काही कोर्टात पुकारा चाललाय.

मग ऑक्टोबरात ते झालं. टेकडीवरच्या चहाच्या टपरीपासून फर्लांगभर उतारावर वकिलांचं चाक खड्ड्यात गेलं, वकील हँडलवरून पलीकडं, आणि खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. "पाणी साचलेलं होतं, खड्डा कुणालाच दिसला नसता," असं वकिलांनी स्वतः दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. संपला विषय.

संपला कसला! खड्ड्यात पाणी होतं ते चूळभर. खड्डा हिम्मतरावांना चांगला दिसला होता.

झालं होतं असं. त्या दिवशी टपरीवर सायकलवाल्यांचं एक टोळकं भेटलं, सहा-सात जण. कुणीतरी हिम्मतरावांच्या पायांचं कौतुक केलं. वकिलांना चहाबरोबर बोलण्याचीही तल्लफ आली. म्हणाले, "अहो, आमचे व्याही म्हणजे बैल! पुढं जुंपले की झालं, अक्कल मागून आम्ही चालवायची." सगळे हसले. हिम्मतरावही हसले, मुलीच्या बापाला एवढं हसता येतंच. पण वकील तिथं थांबतील तर ते वकील कसले. "सूनबाईपण त्याच जातीची," ते म्हणाले. "कामाला लावली की मान वर करत नाही."

हिम्मतरावांच्या हातातला ग्लास हातातच राहिला. स्वतःला बैल म्हटलेलं त्यांना चाललं असतं. पण दीपाली! जिच्या शिक्षणासाठी त्यांनी आठ वर्षं डबल ड्यूटी केली, जी त्या घरात पगारही आणते आणि भाकरीही थापते, ती? जिभेच्या टोकावर आलेलं त्यांनी चहाबरोबर गिळलं. मुलीचा बाप ना! लेक ज्यांच्या घरी दिलीय त्यांना उलटून बोलायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी केलं, आजोबांनी केलं, तेच त्यांनी केलं. सायकलवर बसले आणि उताराला लागले. अर्ध्या मिनिटात खड्डा आला. त्यांनी हात उचलला, आणि परत हँडलवर ठेवला.

एवढंच. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालेली गोष्ट. पण त्यापुढचे सहा आठवडे दीपालीनं बिनपगारी रजा टाकून सासऱ्याला घास भरवले, अंघोळीचं पाणी काढलं, सदऱ्याची बटणं लावली. सासूबाई मागंच वारल्या होत्या आणि योगेशला बेंगळुरूच्या कामातून सुट्टी नव्हती. तेव्हा बापानं उगवलेला सूड नेमका कुणाच्या पदरात पडला, ते हिम्मतराव दर शनिवारी डोळ्यांनी बघून येत होते.

हे सगळं फक्त मालनबाईंना, त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. फेब्रुवारीत वकिलांचा फोन आला: "हिम्मतराव, डॉक्टरनं सोडलं आपल्याला! रविवारी निघायचं. तोच रस्ता. नक्को-बिक्को काही ऐकणार नाही." फोन ठेवल्यावर हिम्मतराव म्हणाले, "सांगून टाकतो बघ मी."

मालनबाई कडाडल्या. "खबरदार! तुमचं पोट हलकं होईल, आणि ओझं जाईल पोरीच्या डोक्यावर. तुझ्या बापानं माझं हाड मोडलं, असं सासऱ्यानं उद्या जेवताना ऐकवलं तर? त्या घरात तिला नांदायचंय, तुम्हाला नव्हं."

बाई चुकीचं बोलत नव्हत्या. पण ज्याला एकदा तोंडघशी पाडलं तो माणूस पुन्हा विश्वासानं आपल्या पाठीला लागणार, आणि आपण काही झालंच नाही असं दाखवत पॅडल मारायचं? हिम्मतरावांना त्या चार दिवसांत भाकर गोड लागली नाही.

रविवारी गंडीपेटला वकील नव्या हेल्मेटात उभे होते. थोडे वाळलेले, डावा खांदा जरासा उतरलेला. "चला, पुढं व्हा," ते म्हणाले, नेहमीसारखं. हिम्मतराव पुढं झाले. वाटेत एक खड्डा आला, त्यांनी हात दाखवला. मागून आवाज आला नाही. दुसरा आला, तेव्हाही नाही. वळून पाहिलं तर वकील चांगले तीस-चाळीस हात मागं होते, एकटेच वाऱ्याशी झगडत. हिम्मतरावांनी वेग कमी केला की वकीलही कमी करायचे. अंतर तेवढंच.

मूसीचा पूल गेला आणि टेकड्यांचा चढ लागला. ऑक्टोबरात छाटणी होऊन वेलींचे नुसते खुंट राहिले होते. आता मांडव घडांनी वाकले होते आणि खालच्या बाजूला वाइनसाठी लावलेली बारीक काळी द्राक्षं उन्हात पिकत होती. दुसरी कुठली वेळ असती तर हिम्मतराव छाटताना वेलींचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, कशा राखाव्यात यावर वकिलांना व्याख्यान देते. आज त्यांना फक्त ती जागा दिसली. खड्डा बुजवला होता. वर डांबराचं काळं ठिगळ.

हिम्मतराव सायकलवरून उतरले. वकील धापा टाकत येऊन पोचले.

"वकीलसाहेब, मी खड्डा बघितला होता."

वकिलांनी एक पाय जमिनीला टेकवला.

"चांगला बघितला होता. हात उचलला, आणि परत ठेवला. टपरीवर तुम्ही दीपालीबद्दल बोललात, त्याचा राग होता डोक्यात. तुम्ही पडावं असं मनात नव्हतं, पोरीची शपथ. पण सांगायचं नाही, एवढं मात्र होतं. मला काय बोलायचं ते बोला. फक्त पोरीला त्यात ओढू नका. तिला यातलं काही ठाऊक नाही."

वकिलांनी हेल्मेट काढलं. रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"हात उचललात ते मला दिसलं होतं. मी 'दिसला' म्हणायला तोंडसुद्धा उघडलं होतं. मग तुमचा हात परत गेला. म्हटलं, खड्डा नसेल."

हिम्मतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग चार महिने बोलला का नाहीत? पाणी-बिणी कशाला सांगितलंत?"

"सांगणारच होतो. सोडणार होतो की काय मी तुम्हाला! दवाखान्यात तुमची लेक धावत आली. पहिलाच प्रश्न केला, 'अप्पा, दादांनी हात नाही का दाखवला?' हुशार आहे. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हात का मागं गेला तेही सांगावं लागेल. सात लोकांत मी तिला काय म्हणालो ते." वकिलांनी मान हलवली. "माझी छाती झाली नाही. आयुष्यभर लोकांच्या साक्षी उलटतपासल्या, आणि स्वतःवर वेळ आली तर खोटी साक्ष दिली. पाणी होतं म्हणालो."

वर मांडवात पाखरं उडवायला कुणीतरी डबा वाजवत होतं.

"सहा आठवडे रोज सकाळी तिनं माझी बटणं लावली. खाली वाकून, मान वर न करता. तिचा भांग माझ्या डोळ्यांसमोर. रोज ठरवायचो, आज म्हणेन. एक दिवस झालं नाही. चुकलं माझं, हिम्मतराव. फार चुकलं."

मुलीच्या बापानं तिच्या सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं की घाईघाईनं 'असू द्या, असू द्या' म्हणायचं असतं. हिम्मतरावांनी ते म्हटलं नाही. पहिल्यांदाच नाही म्हटलं.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "तिला सांगा."

वकील दचकले. मग हळूच म्हणाले, "ती काय म्हणेल?"

"दोघांनाही धुऊन काढेल. माझी लेक आहे. मान वर कशी करते ते बघाल तरी."

वकील हसले, पण ते हसू टिकलं नाही. उठून त्यांनी हेल्मेटाचा पट्टा लावला. डाव्या हाताला तो नीट लागेना, तेव्हा हिम्मतरावांनी पुढं होऊन लावून दिला. "चला मग, आजच," वकील म्हणाले. "जेवायला आमच्याकडंच. तुमचं तुम्ही सांगा, माझं मी सांगतो."

"तुम्ही पुढं चला," हिम्मतराव म्हणाले. "मी येतो मागनं."

"या खांद्यानं समोरचं वारं झेपत नाही मला. तुम्हीच व्हा पुढं."

उतारावर वकील पुन्हा लांबच राहिले. हिम्मतरावांना त्याचा राग आला नाही. कसा येणार? तोंडानं चुकलं म्हणता येतं, पण मोडलेल्या हाडाला ते लगेच पटत नाही. त्यांनी मुकाट्यानं हात दाखवायला सुरुवात केली. खड्डा आला की हात. खडी आली की हात. शेणाचा पो पडलेला होता, त्यालाही हात. साधा डांबराचा उंचवटा, तोही सोडला नाही. दंड भरून आला, सायकल डुगडुगायला लागली, तरी हात खाली जातच राहिला.

पुलानंतर मोकळं खोरं लागलं आणि समोरून वारं सुटलं. मागं वकिलांचा दम लागलेला त्यांना ऐकू येत होता, लांबून. मग तो जरा कमी लांबून ऐकू यायला लागला. वळून बघायची फार इच्छा झाली, पण बघितलं नाही. पुढच्याची नजर पुढंच हवी.

रस्त्याच्या डाव्या कडेला एक खड्डा होता, चांगला हातभर. हिम्मतरावांनी हात खाली केला आणि खड्डा मागं पडेपर्यंत तसाच ठेवला.

"दिसला!" वकील ओरडले. आवाज अगदी पाठीशी होता.