परशुरामा, कुऱ्हाड खाली ठेव

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. मी एक जुनी, काळी इलेक्ट्रिक गिटार आहे. गिटारीला राग कसा येईल, असं म्हणू नका. माझं सगळं ऐकून मग काय ते बोला.

कारखान्यातून मी आले ती थेट पांढरकवड्याच्या अश्वजितसरांकडे. त्यांचा लग्नाचा ऑर्केस्ट्रा होता. बारा वर्षं मी हळदीची, वरातीची गाणी वाजवली. लोक म्हणत, "सर, काय वाजते हो तुमची गिटार!" मग डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला आणि सरांनी मला कपाटामागं उभं केलं. तारांना गंज चढला. झुरळांनी माझ्या पोटातल्या वायरी कुरतडल्या. चार वर्षं कुणी हात लावला नाही. राग मला तिथंच शिकायला मिळाला.

मला बाहेर काढलं रंजितानं. ढाणकीजवळच्या तांड्यावरची ही मुलगी पांढरकवड्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती आणि सुटीच्या दिवशी सरांकडे शिकायला यायची. कानात सतत हेवी मेटल, म्हणजे दणदणीत परदेशी रॉक. सर वैतागायचे.

"काय ऐकतं हे? देवाले शिव्या देतात ते लोक."

"नाही सर, मी अर्थ शोधून वाचला," रंजिता म्हणाली. "कोणी सैतानावर गाते, कोणी बर्फातल्या जुन्या देवांच्या लढायांवर. कोणी तर देवालेच विचारते, माणसं मरत होती तवा तू कुठी होता? आपल्या पुराणात काय कमी लढाया हायेत? काहून नाही गायच्या?"

सरांनी माझ्या तारा बदलल्या आणि मला तिच्या हातात दिलं.

तिनं गाणं लिहिलं ते रेणुकेवर. पाणी आणायला गेलेल्या रेणुकेचं मन क्षणभर चळलं, कच्च्या मातीचा घडा फुटला. नवऱ्यानं, जमदग्नीनं मुलाला हुकूम दिला आणि परशुरामानं आईचं मस्तक उडवलं. ही गोष्ट आपल्या भागात लहान लेकरालाही माहीत आहे. पण रंजिताला ती पुस्तकातून कळली नव्हती. तिची याडी, म्हणजे आई रामीबाई, टँकरवर पाणी भरताना ड्रायव्हरच्या कुठल्याशा गमतीवर हसली होती. तेवढ्यावरून रंजिताच्या बापानं, सुनीलनं, तिला घराबाहेर काढलं. सहा वर्षांची रंजिता तेव्हा तिचं बोट धरून होती.

कच्चा घडा फुटला, एवढाच गुन्हा?
परशुरामा, कुऱ्हाड खाली ठेव,
आधी आईच्या डोळ्यांत बघ!

हे शब्द ती छातीच्या तळातून, गुरगुरत गायची. मी तिच्याबरोबर किंचाळायचे. ऑर्केस्ट्राच्या बारा वर्षांत मला एवढं खरं कुणी वाजवलं नव्हतं.

नवरात्रात ढाणकीच्या एका मंडळानं संध्याकाळच्या कार्यक्रमात तिला बोलावलं. तिच्याच दुकानात काम करणारा बादल ड्रमवर होता, रामीबाई बायकांमध्ये बसली होती. दुसरं कडवं सुरू झालं आणि मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलराव तरातरा स्टेजवर चढले. त्यांनी माझी वायर उपटली.

"देवीच्या मांडवात असं भुतावानी वरडतं? माफी माग!"

"कोणाची मागू काका?" रंजितानं माइक सोडला नाही. "देवीची का तुमची?"

एका कार्यकर्त्यानं मला तिच्या खांद्यावरून हिसकावलं. मी स्टेजच्या लोखंडी पाइपावर आदळले आणि माझी मान मोडली.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप आला. माफीनामा लिहून द्या, नाहीतर या गावात पुन्हा कार्यक्रम नाही. कार्यक्रमासाठी तांड्यावर आलेले अश्वजितसरही म्हणाले, "दोन ओळी लिहून टाक बाई. विषय संपव."

रंजितानं कागद पुढं ओढला. रामीबाईनं तो उचलला आणि चुलीत टाकला.

"मीबी तवा माफी मागतली होती," ती म्हणाली. "गुन्हा नव्हता तरी मागतली. काय भेटलं? पण रंजिता, तुह्यं गाणं अर्धंच हाये. त्या परशुरामाले काय विचारून राह्यली? तिले विचार ना! मुंडकं परत बसलं, जिती झाली, अन् त्याच नवऱ्याच्या घरी पाणी भराले गेली. तिले राग आला असन का नाही? ते लिव्ह."

सरांनी मान खाली घातली. मग उठून त्यांनी सरस आणला, माझी मोडकी मान जोडली, शिकंजे आवळले आणि दोन दिवस मला हलू दिलं नाही. हे काम त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही.

ढाणकीतलं स्टेज गेलं, ते गेलंच. त्या कार्यक्रमाला आलेल्यांपैकी आजही काहीजण रंजिताशी बोलत नाहीत. पण तिसरं कडवं तयार झालं. एका रविवारी दुपारी तांड्यावर, रामीबाईच्या घरातूनच वायर ओढून, आम्ही ते वाजवलं. कापूस वेचून आलेल्या बायका उभ्याच राहिल्या. त्या कडव्यात रेणुका परत उठते, नवऱ्यासमोर रिकामी घागर ठेवते आणि म्हणते, आता तू भर.

मित्रांनो, वाद्य कपाटामागं कुजू देऊ नका. तारा पुसा, त्यांना हवा लागू द्या. आणि एखादं गाणं खुपलं तर खुशाल उठून जा, भांडा, उलटं गाणं लिहा. पण वायर उपटू नका. गाणाऱ्या माणसाचं दुखणं कुठल्या कडव्यात आहे, हे तुम्हाला आधी कळत नाही.

त्या दुपारी गाणं संपल्यावर रंजितानं घाबरतच आईकडं पाहिलं. रामीबाई हात कमरेवर ठेवून उभी होती.

"अजून एक डाव," ती म्हणाली. "अन् जरा जोरानं."