बाविसावी ओळ

सरूबाई भुताखेताला कधी घाबरली नाही, सासूला तर त्याहून नाही. पण द्राक्षाच्या छाटणीच्या शेवटच्या दिवशी कमरोद्दीनचाचांनी जमिनीवर पडलेली काडी उचलली, निरखून पाहिली आणि ते काहीच बोलले नाहीत, तेव्हा ती घाबरली. शेजारच्या मळ्यात बारा वर्षं द्राक्ष पिकवणारा हा माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नसे. तो गप्प झाला म्हणजे घाबरायलाच हवं.

"सरू, काडीला दोन गाठी कशा गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

उन्हाळ्यात वेलीला नवी काडी फुटते. तिला सात पानं आली की शेंडा खुडायचा. खुडल्या जागी गाठ धरते, गाठीपुढच्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या बारक्या कोंबात, घड बसतो, आणि दिवाळीच्या सुमाराला तेवढा डोळा राखून पुढची काडी छाटायची. हे चाचांनीच तिला शिकवलेलं. पण सरूबाईचं माहेर हरभऱ्याचं. हरभऱ्याचा शेंडा रोप कोवळं असतानाच खुडतात, फुटवे आले की पुन्हा खुडतात, आणि तिची बोटं लहानपणापासून तेच करत आलेली. बाईसाहेबांनी द्राक्षालाही चौथ्या पानावरच खुडलं, मग वर पुन्हा एकदा खुडलं, आणि आपण चाचांपेक्षा एक पाऊल पुढं गेलो म्हणून मनातल्या मनात मिरवल्या. छाटणीला मजुरांनी कुठं कापायचं विचारलं, तेव्हा तिनं पहिली गाठ दाखवली.

"घडाचा माल दुसऱ्या गाठीपुढं व्हता," चाचा म्हणाले. "त्यो तर खाली पडलाय."

बावीस ओळींपैकी एकवीस कापून झाल्या होत्या. बाविसावी चाचांनी समोर उभं राहून दुसऱ्या गाठीपुढं छाटून घेतली. बाकीच्यांचं काय, ते डोळे फुटल्यावर कळेल, पंधरा दिवस थांब, असं सांगून ते निघून गेले.

सरूबाईचा नवरा आप्पासाहेब वाळूजला कारखान्यात होता, सुट्टीलाच घरी यायचा. गेल्या वर्षी बागेला नुसती पानं आली. तेव्हा छाटणीच्या वेळी चाचा लेकीकडं गेलेले, बघणारं कुणी नव्हतं. आप्पासाहेबानं सगळा दोष चुनखडीच्या जमिनीला दिला आणि निक्षून सांगितलं की यंदाही घड दिसले नाहीत तर बाग उपटायची, घराला कुलूप लावायचं आणि सगळ्यांनी वाळूजला राहायचं. तिथल्या पत्र्याच्या खोलीत सरूबाई पूर्वी एक वर्ष राहून आली होती. भर दुपारी पत्र्याखाली बसून ती या मळ्याच्या आठवणीनं रडायची. आणि आता तिला उमगलं की गेल्या वर्षीही जमिनीनं काही केलेलं नव्हतं.

त्या दिवसांत तिला घास गोड लागला नाही. उजाडलं की ती बागेत जायची आणि फुगलेल्या डोळ्यांना हात लावायलाही भ्यायची. सासूला, वच्छलाबाईला, तिनं सगळं सांगून टाकलं.

"ढगाळ हवेनं घड डोळ्यातच जिरले म्हणावं," म्हातारी म्हणाली. "तुझ्या माथी कशापायी घेती?"

तेराव्या दिवशी डोळे फुटले. जिथं घड दिसायला हवा तिथं दोऱ्यासारखी बारीक बाळी, वेलीचा नुसता ताणा, वळलेली. दुसऱ्या ओळीत तेच, दहाव्या ओळीत तेच. सरूबाई पळतच शेवटच्या ओळीत गेली. तिथं काडीकाडीला करंगळीच्या पेराएवढे हिरवे घड आले होते.

दोन दिवसांनी आप्पासाहेब आला तो थेट पहिल्या ओळीत शिरला. चार वेली वाकून पाहिल्या आणि कंबर सरळ केली. ही जमीन द्राक्षाची नाहीच, वाळूजला खोली बघून ठेवली आहे, असं तो शांतपणे म्हणाला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ढगांचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर तिची अब्रू राहिली असती आणि बाग गेली असती. खरं सांगावं तर दोन वर्षं आपल्याच हातानं पीक कापणारी बाई म्हणून गावभर हसं, आणि हा पुन्हा कधी कात्रीला हात लावू देईल की नाही कोण जाणे.

"जमिनीला बोल लावू नगा," ती म्हणाली. "माझ्या हातानं गेलं. गेल्या सालीबी."

तिनं त्याला बाविसाव्या ओळीत नेलं, शेंडा कुठं खुडला ते दाखवलं, दोन्ही गाठी दाखवल्या. आप्पासाहेब घडांकडं बघत राहिला. एक घड त्यानं बोटानं हळूच उचलून पाहिला.

"उन्हाळ्यात मी रजा टाकतो," तो म्हणाला. "तू नुसती पानं मोजायची. खुडायचं मी."

सरूबाई हळूच 'व्हय' म्हणाली. मग तिनं जवळच्या काडीवरची पानं मोजायला घेतली.