जंतूचं दुखणं

आमांश करणाऱ्या जंतूवर संशोधन करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. घरचे तिला कौतुकाने 'जंतूबाई' म्हणत. एकदा सासूबाई त्याच दुखण्यातून उठल्या आणि उशीला टेकून बसत म्हणाल्या, "काय गं, सगळ्यांना आजारी पाडणारा हा मेला स्वतः कधी आजारी पडतो का?"

जंतूबाई हसता हसता थबकली. एका रुग्णाच्या नमुन्यांतून येणारे जंतू तिच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत मरायचे. वाढवण्यातच काही चुकलं असेल, असं समजून ती दर वेळी ती नळी फेकून द्यायची. या खेपेला तिने ती ठेवली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर जंतूच्या पोटात कितीतरी बारीक विषाणूंची नुसती दाटी झाली होती.

तिने तिथूनच घरी फोन लावला. "आई, पडतो की आजारी!"

"बरी खोड मोडली!" सासूबाई म्हणाल्या. "आता त्याला औषध देत बसू नकोस म्हणजे झालं."

जंतूला हा आजार लागतो तरी कुठून, हे शोधताना निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं कशी सरली, ते जंतूबाईला कळलंही नाही.