उजवीकडची जाळी

आमच्या कॉलनीत गोल्फचं मैदान नाही, गोल्फ मारायची जागा आहे. या दोहोंत फरक असतो हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसतं तरी माझं काही अडलं नसतं. मैदानावर माणूस चेंडू मारतो आणि त्याच्या मागून चालत जातो. इथं चेंडू जातो, माणूस जागच्या जागी. हिरव्या प्लास्टिकच्या चटईवर उभं राहायचं, टोपलीतला एकेक चेंडू घ्यायचा आणि समोर मारत सुटायचं. समोर पन्नास, शंभर, दीडशे अशा पाट्या रोवल्यात. तिन्ही बाजूंना उंच जाळी, आणि जाळीपलीकडे थेट भामरागडपर्यंत साग नि मोह. अंधार पडला की कॉलनीचं फाटक बंद, कारण बिबट्या फिरतो. अशा ठिकाणी जंगलाकडे तोंड करून काठी फिरवणाऱ्याला शहाणा म्हणायचं की खुळा, ते तुम्हीच ठरवा.

खूळ मिराशी साहेबांचं. साहेब आमच्या खाणीचे प्रमुख, मूळचे पुण्याचे, निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. निवृत्तीनंतर रोज खऱ्या हिरवळीवर खेळायचं हे त्यांचं स्वप्न, आणि तोवर हात गंजू नये म्हणून ही जागा त्यांनी करून घेतलेली. पण त्यांच्या मनात एक किडा होता. चटईवर काठी जरा मागे आपटली तरी घसरत पुढे जाते आणि चेंडू उडतो. गवतावर तीच चूक केली तर ढेकूळ उडतं, चेंडू तिथंच. "निकेश, चटईवर सगळेच राजे," ते म्हणायचे. "हा सराव तिकडे उपयोगी पडेल का रे?" मी म्हणायचो, "पडेल ना सर!" मला काय कळत होतं? मला आरमोरी पाहिजे होती.

माझी बायको रुपाली आरमोरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरगी आचल चार वर्षांची. मी इथं खाणीवर ट्रकांच्या फेऱ्या लावतो. पावसाळ्यात नाले चढले की रस्ता बंद, उन्हाळ्यात काम जास्त म्हणून रजा बंद. गेल्या होळीला घरी गेलो तर आचल आईच्या मागे लपली आणि तिनं हळूच विचारलं, "आई, हे काका कवा जाणार?" रुपाली हसली. मीही हसलो आणि मागच्या दारी जाऊन तोंड धुऊन आलो. आपल्याच पोरीनं काका म्हणावं? त्या दिवशी ठरवलं, काहीही करून बदली घ्यायची. आरमोरीला कंपनीचं छोटं ऑफिस आहे, तिथं कधीमधी जागा निघते. शिफारस मिराशी साहेबांची लागते. देव देवळात भेटतो, साहेब चटईवर. मग मीही काठी धरली.

आणि गंमत अशी की मला ते जमलं. आम्ही धीवर. माझ्या बाबांनी, मनसारामनं, लहानपणी मला अंगणात जाळं फेकायला शिकवलं होतं. तलावावर न्यायच्या आधी कोरड्या जमिनीवर फेकायचं, कंबर वळवून, मनगट शेवटपर्यंत घट्ट धरून. तोच झोका काठीला लागला. पहिल्याच महिन्यात चेंडू दीडशेच्या पाटीवर सरळ जाऊन आदळायला लागला. साहेब खूश! रोज संध्याकाळी फोन, "ये रे निकेश." इतर अधिकारी जळायचे. मला वाटलं, झालं काम.

एक दिवस धीर करून आरमोरीचं बोललो. साहेबांनी काठी टेकवली आणि मोठ्यानं हसले.

"आणि माझ्याबरोबर उभं कोण राहणार? तुझ्यासारखा जोडीदार या जंगलात मला दुसरा मिळेल का? नाही नाही, तुला मी सोडत नसतो."

ते कौतुकानं बोलले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दाराची किल्ली म्हणून जी काठी धरली तीच दाराला अडसर होऊन बसली.

रात्रभर विचार करून मी तोड काढली. चांगला खेळतो म्हणून साहेब सोडत नाहीत ना? मग वाईट खेळू. कंटाळून सोडतील. दुसऱ्या दिवसापासून ऐन मारण्याच्या वेळी मनगट ढिलं सोडायला लागलो. काठीचं तोंड उघडायचं आणि चेंडू वळण घेत उजवीकडच्या जाळीत. साहेब चुकचुकायचे आणि मी मनात खूश.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले नाहीत.

"मुद्दाम वाकडं मारून राह्यला?"

"हाव बाबा. साहेब कटाळला पाह्यजे."

"नोको करू गा असं. हाताले डोस्कं नसते बापू. तू गंमत म्हणून शिकवशीन, तो खरं समजून शिकून घेते."

"बाबा, इथी काय मासोळ्या धराच्या आहेत का मले?"

"तुयी मर्जी," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

साहेब कंटाळले नाहीत. तिथंच माझा हिशोब चुकला. चांगल्या जोडीदारात त्यांना आनंद होता, पण बिघडलेल्या शिष्यात त्याहून मोठा आनंद निघाला. त्यांच्या अंगात मास्तर संचारला. मोबाइलवर माझे व्हिडिओ काढायचे, ते थांबवून थांबवून दाखवायचे, मागून येऊन माझं मनगट धरायचे. "घाबरू नकोस, असं सगळ्यांचं होतं. आपण दुरुस्त करू." पूर्वी तासाभरात सुटायचो, आता दिवे लागेपर्यंत सुटका नाही. पाऊस लागला, रस्ता तुटला, तरी आम्ही दोघं टिनाच्या छपराखाली चटईवर उभे. छपरावर पाण्याचा असा आवाज की साहेबांचे ओठ फक्त हलताना दिसायचे. मी मान डोलवायचो आणि उजवीकडे मारायचो. त्या दिवसांत वाटायचं, जाळी फाडून पळावं. पण पळून जाणार कुठं? पुढे नाला भरलेला.

शेजारच्या पाड्यावरची नीलाबाई चेंडू वेचायला यायची. मोह वेचायच्या टोपलीत चिखलानं माखलेले चेंडू भरून आणायची. एकदा टोपली टेकवून तिनं मला विचारलं, "भाऊ, तुमी रोज इथून तिकडं मारता, मी रोज तिकडून इथी आणतो. मंग हे पोचते कुठी?"

"कुठीच नाई, बाई," मी म्हणालो.

तिला ते पटलं असावं. तिनं मान हलवली आणि दुसरी टोपली घेऊन गेली.

दिवाळीच्या सुट्टीत रस्ता सुरू झाला आणि रुपाली आचलला घेऊन आली. पहिले दोन दिवस आचल माझ्याकडे लांबून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "सगळ्यांना घेऊन ये. बातमी आहे."

रुपाली आणि आचल बाकावर बसल्या. साहेबांनी आचलच्या हातात चॉकलेट दिलं आणि माझ्याकडे वळले.

"आरमोरीला जागा निघाली आहे. आज रात्री नाव कळवायचंय. खरं सांगू? उन्हाळ्यातच निघाली होती. पण तुझा हात तेव्हा नुकताच बिघडला होता. अर्धवट अवस्थेत तुला पाठवायला मन होईना. माझ्या हातून एक गोष्ट तरी नीट व्हावी असं वाटलं."

रुपाली उठून उभी राहिली होती.

"आता मात्र अडवत नाही," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते, त्यात खोट नव्हती. "तीन चेंडू मार. एक, फक्त एक सरळ गेला की मी समजेन माझी शिकवणी पुरी झाली. इथंच तुझं नाव कळवतो. नाहीतर आपल्या खाणीवरच्या सुरेंद्रचं कळवीन, तोही कधीपासून मागे लागलाय."

एक चेंडू! मी हसलोच. वाकडं मारणं तर माझं नाटक होतं. नाटक बंद केलं की झालं. रुपालीकडे बघून मी डोळे मिचकावले. तिला सगळं माहीत होतं. तीही हसली.

पहिला चेंडू ठेवला, कंबर वळवली, मारला. चेंडू सरळ निघाला आणि मग वळत वळत उजवीकडच्या जाळीत गेला. घाई झाली, मी म्हणालो. दुसऱ्याला मनगट घट्ट धरलं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली. ऐनवेळी ते आपोआप ढिलं पडलं. मी सोडलं नव्हतं, देवाशप्पथ सोडलं नव्हतं. चेंडू पुन्हा उजवीकडे.

"मनगट," साहेब हळूच म्हणाले.

अंगणातलं जाळं आठवायचा प्रयत्न केला. कंबर कशी वळायची? आधी काय, नंतर काय? जे हातानं शिकून ठेवलं होतं ते डोक्यानं शोधून कसं काढणार? रुपाली पुटपुटली, "अवं, मारा ना पयल्यासारखं." मी डोळे मिटले, उघडले, आणि मारला.

जाळी हलली. उजवीकडची.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "हरकत नाही रे. अजून एक वर्ष आहे मी इथं. तुला सरळ केल्याशिवाय सोडायचा नाही." मग ते फोन घेऊन बाजूला गेले.

आचल बाकावरून उतरून धावत आली. एवढा लांब गेलेला चेंडू तिनं जन्मात पाहिला नव्हता. चॉकलेटनं माखलेल्या हातांनी ती टाळ्या पिटत होती. "बाबा, अजून! बाबा, अजून मार!" पहिल्यांदाच ती मला बाबा म्हणाली होती.

रुपालीनं पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले आणि खाली केले.